ठोका, कान आणि तेल : खारदांड्याच्या किनाऱ्यावरून इंजिनाच्या नॉकिंगचा इतिहास

वांद्र्याचा कार्टर रस्ता उत्तरेकडे संपत येतो आणि जुहूची वाळू अजून सुरू व्हायची असते, त्या पट्ट्यात खारदांडा हा कोळीवाडा वसलेला आहे. भरतीच्या पाण्याने खारावलेल्या जमिनीला किनाऱ्यावर ‘खार’ म्हणतात, तर ‘दांडा’ हा शब्द केळवे-दांडा, दांडा-राजपुरी अशा इतर किनारी गावांच्या नावांतही भेटतो. या वस्तीच्या एका अंगाला समुद्र आणि मासेमारीच्या होड्या आहेत, दुसऱ्या अंगाला उपनगराच्या सडका आणि मोटारी आहेत. होडीतले इंजिन डिझेलवर चालते आणि मोटारीतले, निदान जुन्या मोटारीतले, पेट्रोलवर. दोन्ही इंजिने बिघडली की एकसारखा भासणारा आवाज काढतात, आणि गॅरेजच्या बोलीत या आवाजाला नॉकिंग, तर साध्या मराठीत ठोका म्हणतात. या आवाजाचा शोध, त्याचे निदान आणि त्यावरचे उपाय यांचा इतिहास म्हणजे मुंबईच्या मोटारींचा आणि मुंबईला मिळालेल्या इंधनाचा इतिहासच होय, आणि जुन्या गाडीची दुरुस्ती करणाऱ्याला तो माहीत नसेल तर त्याच्या हातून चुकीचा भाग उघडला जाण्याचा संभव मोठा असतो.

माहीमची खाडी ओलांडणारा लेडी जमशेटजी मार्ग १८४५ मध्ये खुला झाला आणि वांद्रे सडकेने माहीमला जोडले गेले. खारचे रेल्वे स्थानक १९२४ मध्ये सुरू झाले, त्याच्या आसपास आखीव भूखंडांवर बंगले आणि चाळी उभ्या राहिल्या, आणि घोडबंदर रस्त्यावरून, म्हणजे आजच्या स्वामी विवेकानंद मार्गावरून, मोटारींची वर्दळ वाढत गेली. पश्चिम भारतातील मोटारमालकांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था १९१९ पासून काम करत होती, आणि जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. कोळीवाड्यात इंजिन आले ते मात्र पुष्कळ नंतर, स्वातंत्र्योत्तर दशकांत, सरकारी कर्ज-अनुदानाच्या आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या आधाराने, शिडाच्या होड्यांना यंत्राची जोड देण्याच्या योजनांमधून. त्यामुळे सडकेवरचा ठोका या परिसराने आधी ऐकला आणि पाण्यावरचा नंतर.

ठोका म्हणजे काय

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येताना दाबले जाते आणि ठरलेल्या क्षणी प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. नीट चाललेल्या इंजिनात ज्वाला प्लगपासून निघून कोठीच्या, म्हणजे सिलिंडरच्या, दूरच्या कडेपर्यंत क्रमाने पसरते आणि पिस्टनला एकसलग रेटा मिळतो. परंतु ज्वाला पोचण्यापूर्वीच कडेला उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतके तापले की ते आपोआप आणि एकाच वेळी पेटते, तर कोठीत दाबाच्या लाटा उसळतात, त्या भिंतींवर आदळत राहतात आणि धातू थरारतो. छोट्या मोटारीच्या कोठीत ही कंपने दर सेकंदाला साधारण सहा ते आठ हजार इतकी असतात, म्हणून तो आवाज घणाच्या घावासारखा जड वाटत नाही, तर पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखा बारीक आणि खणखणीत वाटतो. हा आवाज क्षणभर येऊन गेला तर विशेष हानी होत नाही, परंतु तो सतत चालू राहिला तर पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, रिंगा तुटतात, हेड गॅस्केट फुटते आणि शेवटी पिस्टनला भोकही पडू शकते.

डिझेलच्या इंजिनात प्लगची ठिणगीच नसते. केवळ हवा दाबून तापवली जाते आणि तीत नोझलमधून डिझेलचा फवारा सोडला जातो, जो आपोआप पेटणे अपेक्षितच असते. तिथे ठोका बसतो तो फवारा पेटायला उशीर झाल्यामुळे, कारण त्या उशिरात कोठीत अधिक डिझेल साचते आणि मग ते सगळे एकदम भडकते. म्हणजे पेट्रोलचा ठोका इंधन फार सहज पेटल्याने होतो, तर डिझेलचा ठोका इंधन पेटायला कुरकुरल्याने होतो. पेट्रोलची ठोका न देण्याची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात आणि डिझेलची चटकन पेटण्याची क्षमता सीटेन अंकाने, आणि एक अंक ज्या इंधनात उंच असतो त्यात दुसरा सहसा खाली असतो. होडीच्या आणि मोटारीच्या ठोक्याला एकच नाव असले तरी त्यांची कारणे अशी परस्परविरुद्ध आहेत, हे खारदांड्यासारख्या दोन्ही इंजिने शेजारी नांदणाऱ्या ठिकाणी विशेष ध्यानात ठेवावे लागते.

शोधाचा काळ आणि शिशाचा उपाय

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारींमध्ये दाबाचे प्रमाण, म्हणजे मिश्रण मूळ आकारमानाच्या कितव्या हिश्शापर्यंत दाबले जाते ते प्रमाण, अगदी कमी असे. फोर्डच्या मॉडेल टी या गाडीत ते सुमारे चारास एक इतकेच होते. शिवाय ठिणगीची वेळ पुढे-मागे करण्याची दांडी सुकाणूच्या चाकाखालीच असल्याने चढ आला की चालक स्वतःच्या हाताने ठिणगी उशिरा पाडी आणि ठोका थांबवी. ठोक्याचे पहिले निदान अशा रीतीने चालकाच्या कानाने होत असे आणि पहिला उपायही त्याच्याच हाताने होत असे. ठिणगीची वेळ आपोआप साधणारी यंत्रणा आल्यावर चालकाचे हे काम गेले आणि त्याबरोबर ते ज्ञानही बव्हंशी मिस्त्रीकडे सरकले.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी ठोक्याचा उगम कडेच्या न जळलेल्या मिश्रणात आहे हे प्रयोगांनी उलगडले आणि इंधनानुसार तो बदलतो हे दाखवून दिले. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळले की ठोका थांबतो, हे शोधून काढले. शिशाचे सूक्ष्म कण कडेच्या मिश्रणातील आपोआप पेटण्याची साखळी मध्येच तोडतात, असे त्याचे कार्य आहे. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातील डेटन शहरात हे पेट्रोल प्रथम विकले गेले. १९२४ च्या शरद ऋतूत न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या द्रव्याने विषबाधा होऊन पाच कामगार दगावले. त्यानंतर १९२५ मध्ये विक्री थांबवली गेली आणि चौकशी होऊन १९२६ मध्ये ती पुन्हा सुरूही झाली. त्याच सुमारास ग्रॅहॅम एडगर यांनी आयसोऑक्टेन या द्रव्याला १०० आणि हेप्टेनला शून्य असे अंक देऊन ऑक्टेनची मोजपट्टी तयार केली, आणि ठोका हा कानाने ऐकण्याबरोबरच आकड्याने मोजण्याचाही विषय झाला.

या उपायाने दाबाचे प्रमाण वाढवणे शक्य झाले, इंजिने लहान आणि जोरदार झाली, आणि जगभर पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची पद्धत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आले तेव्हा देशातील कित्येक गाड्यांना कोळशापासून वायू तयार करणाऱ्या भट्ट्या जोडल्या गेल्या, आणि तो वायू ताकदीने दुबळा असला तरी ठोक्याला मुळीच दाद देत नसे. युद्धानंतर तुर्भे-माहुल भागात शुद्धीकरण कारखाने उभे राहिले, १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा, जे पुढे राष्ट्रीयीकरणानंतर अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्यांकडे गेले. मुंबईच्या पंपांवर विकले जाणारे पेट्रोल तेव्हापासून मुख्यतः शहराच्या पूर्व किनाऱ्यावरच तयार होऊ लागले, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या मोटारीची प्रकृती त्यावर अवलंबून राहिली.

कुर्ल्याची फियाट आणि निदानाची परंपरा

मूळ सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकी क्रायस्लर समूहाच्या, आणि नंतर इटलीच्या फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. फियाट ११०० हे मॉडेल १९५४ पासून आले, त्याचा पुढचा अवतार १९६४ मध्ये डिलाइट या नावाने आला, आणि १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट व मग प्रीमियर पद्मिनी झाली. तिचे १०८९ घन सेंटिमीटरचे चार कोठ्यांचे इंजिन जवळजवळ अर्धे शतक त्याच मूळ बांधणीने चालत राहिले, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ते मुंबईच्या प्रत्येक वस्तीत पोचले. एकच इंजिन इतकी वर्षे इतक्या हातांखालून गेल्यामुळे त्याच्या ठोक्याच्या निदानाची एक पक्की, तोंडी चालत आलेली पद्धत शहराच्या गॅरेजांत तयार झाली.

या पद्धतीची पहिली पायरी आवाजांचा भेद ओळखण्याची आहे, कारण ‘गाडी नॉकिंग मारते’ या एकाच वाक्याखाली मालक चार-पाच वेगळ्या तक्रारी सांगत असतो. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणाऱ्या दांड्याच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग झिजले असेल तर जड, खोल ठोका येतो, आणि त्या कोठीच्या प्लगची वायर काढली की तो कमी होतो. पिस्टन कोठीत सैल झाला असेल तर थंड इंजिनात थपथप ऐकू येते आणि इंजिन तापल्यावर ती मावळते. टॅपेटमधली फट वाढली असेल तर इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या गतीने टकटक होते, आणि ती गाडी उभी असतानाही ऐकू येते. ठिणगीचा खरा ठोका मात्र भाराखालीच प्रकट होतो. टॉप गिअरमध्ये गाडी संथ असताना अ‍ॅक्सिलरेटरचे पॅडल पूर्ण दाबले, किंवा पाली हिलसारखा चढ लागला, की तो बारीक खणखणाट सुरू होतो आणि पॅडल सैल सोडताच थांबतो. लांब पेचकसाचे पाते इंजिनावर आणि मूठ कानाशी धरून आवाजाची जागा शोधण्याची जुन्या मिस्त्रींची रीत या भेदासाठीच होती, आणि हा भेद न करता इंजिन खाली उतरवले तर खर्च बेअरिंगवर होतो आणि दोष टायमिंगमध्ये तसाच राहतो.

दुसरी पायरी ठिणगीच्या वेळेची, म्हणजे गॅरेजच्या शब्दांत टायमिंगची. पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पडावी लागते, आणि ती फारच आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनविरुद्ध दाब वाढून कडेचे मिश्रण भडकते. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा पट्टा सैल करून त्याचे धड आतल्या रोटरच्या फिरण्याच्या दिशेने किंचित वळवले की ठिणगी मागे जाते, आणि एवढ्यानेच आवाज विरला तर निदान ठिणगीच्या ठोक्याचे आहे हे निश्चित होते. परंतु जाणता मिस्त्री इथे थांबत नाही, कारण टायमिंग पुढे का गेले हा प्रश्न शिल्लक असतो. डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर वेग वाढताच ठिणगी हवी त्याहून पुढे पळते. पॉइंटमधली, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधली, फट जास्त ठेवली असेल तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग तेवढ्यानेही पुढे सरकते. म्हणून आधी फिलर गेजने पॉइंटची फट आणि मगच टायमिंग, हा क्रम कधी उलटा करायचा नसतो.

तिसरी पायरी उष्णतेची आणि मिश्रणाची. कार्ब्युरेटरच्या बुडाचे गॅस्केट फाटून हवा आत शिरत असेल किंवा जेटमध्ये कचरा बसला असेल, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त होऊन मिश्रण पातळ होते व कोठी तापते, आणि प्लगचे टोक तपकिरी न दिसता पांढुरके दिसते. रेडिएटरमध्ये क्षारांचा थर चढला असेल तरी तोच परिणाम होतो, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींचे खारे पाणी रेडिएटरमध्ये भरण्याची सवय या बाबतीत घातक ठरते. सागरी हवेचा एक गुण मात्र इथे नोंदवण्याजोगा आहे. दमट हवेतील पाण्याची वाफ ज्वलन किंचित संथ करते आणि ठोक्याची प्रवृत्ती कमी करते, त्यामुळे तेच इंजिन मे महिन्याच्या कोरड्या उष्ण दुपारी देशावर ठोका देईल आणि पावसाळ्यात खारदांड्याच्या किनाऱ्यावर शांत चालेल. निदान करताना ऋतू आणि स्थळ विचारात घेण्याची गरज यातून स्पष्ट होते.

चौथी पायरी कोठीच्या आत जाते. अनेक वर्षांच्या वापराने पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये काजळीचा कडक थर साचतो. तो जागा व्यापून दाबाचे प्रमाण वाढवतो आणि त्याचे तापलेले कण स्वतःच ठिणगीचे काम करू लागतात, ज्याची खूण म्हणजे चावी बंद केल्यावरही इंजिनाने काही क्षण धडधडत राहणे. रिंगा झिजून इंजिन ऑइल वर चढत असेल तर तेही जळताना मिश्रणाचा ऑक्टेन खाली खेचते. यावरचा जुना उपाय म्हणजे हेड उतरवून कार्बन खरवडणे. त्याच वेळी हेड वाकडे झाले असेल तर त्याला ‘फेस मारतात’, म्हणजे यंत्रावर त्याचा पृष्ठभाग तासून सपाट करतात. दर वेळी तासताना कोठी थोडी उथळ होते आणि दाबाचे प्रमाण थोडे वाढते, म्हणून तीन-चार वेळा गरम होऊन दुरुस्त झालेली जुनी गाडी कारखान्यातून निघाली त्याहून जास्त दाबावर चालत असते. अशा गाडीचा ठोका टायमिंगने पुरता जात नाही; तिला जाड हेड गॅस्केट लागते, आणि ते बसवण्यापूर्वी तिच्या हेडचा इतिहास मालकाकडून विचारून घ्यावा लागतो.

रॉकेलची भेसळ

वरची सगळी परीक्षा पूर्ण होऊनही ठोका राहिला तर दोष गाडीत नसून टाकीत असतो. भारतीय मानकांनुसार पेट्रोल दीर्घकाळ ८७ आणि ९३ अशा दोन ऑक्टेन अंकांत मिळे, आणि सर्वसाधारण गाड्या पहिल्यावर चालत. शिधापत्रिकेवरच्या रॉकेलची किंमत सरकारी अनुदानामुळे पेट्रोलपेक्षा फार कमी असल्याने ते पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळण्याचा गैरव्यवहार देशभर फोफावला. रॉकेलचा ऑक्टेन अंक अत्यंत खालचा असल्याने भेसळीचे पेट्रोल भरलेली गाडी चढावर लगेच खणखणू लागते; डिझेलच्या इंजिनात मात्र रॉकेल सहज पेटत असल्याने ते कानाला कळत नाही, आणि पंपाची व नोझलची झीज गुपचूप होत राहते. पेट्रोलच्या मोटारीचा ठोका हा त्या अर्थाने ग्राहकाच्या हाती असलेला एक तपासनीसच होता. या भेसळीमागचे हितसंबंध किती क्रूर होते ते २५ जानेवारी २०११ रोजी महाराष्ट्राने पाहिले, जेव्हा मनमाडजवळ पानेवाडी परिसरात भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. गाडीच्या एका बारीक आवाजाचा धागा कुठपर्यंत पोचतो, हे या घटनेवरून समजावे.

शिसे गेले, वायू आला

शिशाने ठोका थांबवला, पण ते जळून नाहीसे होत नव्हते. धुराड्यातून निघून ते हवेत, रस्त्याच्या धुळीत आणि तिथे खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात जात होते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम कायमचा असतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह सात शहरांत केलेल्या तपासणीत बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले. जून १९९४ मध्ये मुंबईसह चार महानगरांत लिटरमागे ०.१५ ग्रॅम इतक्या कमी शिशाचे पेट्रोल सुरू झाले. एप्रिल १९९५ पासून या शहरांतील नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले, आणि शिशाने ते यंत्र निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल पंपांवर आणावेच लागले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. जगातील मोटारींच्या पेट्रोलमधले शेवटचे शिसे २०२१ मध्ये अल्जीरियात थांबले.

जुन्या गाड्यांच्या मालकांना या बदलाने दोन चिंता दिल्या. एक ऑक्टेनची होती, ती शुद्धीकरणाच्या सुधारित प्रक्रियांनी बरीच दूर झाली, आणि भारत स्टेज तीन या प्रदूषणविषयक मानकात पेट्रोलचा किमान अंक ९१ झाला. मात्र ऑक्टेनसाठी बेन्झीनसारखी रसायने वाढू नयेत म्हणून त्याच मानकात बेन्झीनला एक टक्क्याची मर्यादाही घालावी लागली, कारण ते कर्करोगकारक आहे. दुसरी चिंता व्हॉल्व्हची होती. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये गादीसारखा काम करत असे, आणि ज्या जुन्या इंजिनांच्या हेडला कठीण धातूच्या सीट नव्हत्या त्यांत शिसे गेल्यावर सीट खचू लागण्याचा धोका होता. हेड उतरवलेच असेल तर कठीण सीट बसवून घेणे हा त्यावरचा सरळ आणि टिकाऊ उपाय आहे.

याच काळात मुंबईच्या टॅक्सींचे इंधनच बदलले. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली, आणि धुराच्या त्रासाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात झालेल्या जनहित याचिकेतील आदेशांनंतर जुन्या टॅक्सी मोठ्या संख्येने दाबाखालील नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, गेल्या. या वायूचा ऑक्टेन अंक १२० च्या वर असल्याने पद्मिनीच्या इंजिनात त्याचा ठोका ऐकूच येत नाही. परंतु तो पेट्रोलपेक्षा संथ जळतो, म्हणून त्यासाठी टायमिंग पुढे ठेवतात, आणि तेच टायमिंग ठेवून गाडी पेट्रोलवर चालवली की ठोका हटकून बसतो. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या जुन्या गाडीत ठोका आला तर टायमिंग कोणत्या इंधनासाठी लावले आहे, हा पहिला प्रश्न विचारावा लागतो तो त्यामुळेच. राज्य सरकारने टॅक्सीच्या वयावर आधी २५ आणि मग २० वर्षांची मर्यादा घातली, आणि ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली.

उसापासून आलेला ऑक्टेन

ठोक्यावरचा आजचा उपाय महाराष्ट्राच्या शेतातून आला आहे. मळीपासून व उसाच्या रसापासून काढलेल्या इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास असतो, आणि ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे झाले. पुढे २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रण विकले जाऊ लागले, आणि २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. ज्या मनमाडला भेसळीने कलंक लावला, तिथेच दहा वर्षे आधी ठोक्याचा हा नवा उपाय तपासला जात होता.

जुन्या गाडीच्या दृष्टीने मात्र हा उपायही पारखून घ्यावा लागतो. इथेनॉलमुळे ठोका कमी होतो हे खरे. पण त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ पडते आणि जेट बदलण्याची गरज भासू शकते. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यात फुगतो व भेगाळतो. शिवाय इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते, आणि किनाऱ्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी व अल्कोहोलचा थर खाली बसून वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल उरते. खारदांड्याची जी दमट हवा इंजिनात शिरल्यावर ठोका कमी करते, तीच उभ्या गाडीच्या टाकीत शिरल्यावर ठोक्याचे कारण होते. म्हणून कमी वापराची जुनी गाडी किनाऱ्याजवळ ठेवायची असेल तर टाकीतले पेट्रोल ताजे ठेवणे आणि नळ्या नव्या प्रतीच्या रबराच्या घालणे अत्यावश्यक ठरते.

समारोप

शंभर वर्षांच्या या वाटचालीत ठोका थांबवण्याचे उपाय दोन प्रकारचे झाले. काही उपायांनी कारण दूर केले : टायमिंग साधले, काजळी खरवडली, रेडिएटर साफ केला, कोठीची रचना सुधारली. काहींनी आवाज दाबला आणि दुखणे दुसरीकडे ढकलले. शिसे हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण, ज्यात इंजिनाचे स्वास्थ्य मुलांच्या रक्तातून वसूल झाले. लहान गॅरेजमध्येही हाच भेद रोज उभा राहतो. टायमिंग अतोनात मागे नेऊन ठोका बंद करता येतो, पण मग इंजिन तापते, पेट्रोल जास्त जळते आणि ताकद जाते, म्हणजे दुखणे जागा बदलून राहतेच. आजच्या गाड्यांत ठोका ऐकणारा संवेदक बसवलेला असतो आणि संगणक क्षणार्धात ठिणगी मागे घेतो. हे काम त्यापूर्वी चालकाच्या आणि मिस्त्रीच्या कानाने केले, आणि जुन्या गाडीत ते आजही त्याच कानाला करावे लागते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या सुरुवातीच्या फियाटही आता वारशाच्या वस्तू ठरू शकतात. गाडीचा पत्रा आणि रंग जपणे तुलनेने सोपे आहे. तिचा ठोका ओळखणारे ज्ञान मात्र बहुतांशी वृद्ध मिस्त्रींच्या स्मरणात आहे आणि मराठीत ते फारसे लिहिले गेलेले नाही. जुन्या गाड्यांच्या मालकांनी प्रत्येक दुरुस्तीत हेड किती तासले, गॅस्केट किती जाडीचे घातले, टायमिंग किती अंशांवर लावले याची वही ठेवावी, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या मिस्त्रींची निदानपद्धती त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्यावी. कारण जी पिढी पेचकस कानाला लावून बेअरिंग आणि टायमिंग यांतला फरक सांगू शकते, ती आता थकली आहे.